बॅटरीच्या पोटात काय असते

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलावे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर येथे लोणच्यापापडांवर भाषणे झाली, बाळंतिणीच्या खाण्यावर झाली, मुलींच्या शिक्षणावर झाली. यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी म्हणाले, "मी बॅटरीवर बोलणार." त्यावर समितीच्या बैठकीत हशा पिकला. एक काकू म्हणाल्या, "अगं, तुझं शिक्षण सातवीपर्यंतचं, आणि बॅटरीवर काय बोलशील?" त्यांचे म्हणणे खरे आहे. माझे शिक्षण सातवीवरच थांबले. परंतु आपल्या मंडळाच्या खोलीतील इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षे माझ्या देखरेखीखाली होती आणि ती माझ्याच हाताने मेली. तेव्हा बोलण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो मलाच आहे. शिवाय मला काही कबूलही करावयाचे आहे. ते शेवटी सांगेन. आधी विषय सांगते, म्हणजे कबुलीचा अर्थ आपणा सर्वांस नीट कळेल.

विजेचे आणि आपले नाते कसे आहे ते बीडकरांना सांगावयास नको. भारनियमनाची ती वर्षे आपण सगळ्यांनी काढली आहेत. मुलांचे पेपर तोंडावर आणि घरात अंधार. आपल्याच जिल्ह्यात परळीला एवढे मोठे औष्णिक वीजकेंद्र, पण दुष्काळात पाणी नाही म्हणून २०१३ सालच्या फेब्रुवारीत ते बंद ठेवावे लागले, आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. विजेलासुद्धा तहान लागते हे मला तेव्हा कळले. त्याच काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. आपल्या मंडळानेही वर्गणी काढून एक घेतला, कारण संध्याकाळी शिवणवर्ग चालतो आणि त्याच खोलीत दहावी-बारावीच्या मुली अभ्यासाला बसतात. इन्व्हर्टरचे डबडे लहान असते. त्याच्या शेजारी जी काळी जड पेटी असते ती बॅटरी. दोन माणसांनी उचलावी लागते एवढी ती जड, आणि आपण तिच्याकडे कधी ढुंकून पाहत नाही.

मीही पाहत नव्हते. मागच्या उन्हाळ्यात मात्र ती बॅटरी वीज गेल्यावर दहा मिनिटांत मान टाकू लागली. तीन वर्षेही झाली नव्हती. आपल्या गल्लीच्या तोंडाशी ज्या मुलाचे बॅटरीचे दुकान आहे त्याने ती तपासली, दोन दिवस चार्जिंगला लावली, आणि शेवटी म्हणाला, "काकू, ही गेली." मी हट्ट धरला, "गेली म्हणजे काय गेलं, ते मला दाखव." तो मुलगा मोठा सालस. जुनी बॅटरी उगाच फोडायची नसते असे तो आधी म्हणाला. पण माझा हट्ट पाहून त्याने हातात रबरी मोजे घातले, तोंडाला फडके बांधले, मला चार हात लांब उभे केले, तेजाब एका डब्यात काढून घेतले आणि पेटीचे एक घर उघडून दाखविले. त्या दिवशी मी पहिल्यांदा बॅटरीचे पोट पाहिले.

भगिनींनो, ती पेटी म्हणजे एक बॅटरी नव्हे. तिच्यात सहा घरे असतात. एकेका घराची ताकद साधारण दोन व्होल्ट, अशी सहा मिळून बारा. प्रत्येक घरात शिशाच्या प्लेटी उभ्या लावलेल्या असतात, एक धन, एक ऋण, पुन्हा एक धन, पुन्हा एक ऋण, अशा. धन प्लेटीचा रंग चॉकलेटी असतो, तिच्यावर शिशाचे एक भस्म असते. ऋण प्लेट राखी असते, तिच्यावर शुद्ध शिसे असते, पण घट्ट पत्र्यासारखे नाही, इडलीसारखे जाळीदार. या प्लेटींना शास्त्रात इलेक्ट्रोड म्हणतात. आणि दर दोन प्लेटींच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला सेपरेटर म्हणतात. हे सगळे गंधकाच्या तेजाबात बुडालेले असते.

वीज देताना होते ते असे. तेजाबातला गंधकाचा अंश दोन्ही प्लेटींना जाऊन चिकटतो. त्यामुळे दोन्ही प्लेटींवर एकच पांढरट पदार्थ तयार होतो आणि तेजाब पातळ होत होत पाण्यासारखे होते. पुन्हा वीज भरली की तो पांढरा पदार्थ विरघळून जातो, धन प्लेट पुन्हा चॉकलेटी होते, ऋण प्लेट राखी होते, तेजाब पुन्हा तेज होते. म्हणून तर बॅटरी पुन्हापुन्हा भरता येते. १८५९ साली गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ही युक्ती काढली. शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापडाचा थर घातला, गुंडाळी केली आणि तेजाबात बुडविली. आज एकशे साठहून अधिक वर्षे झाली तरी आपल्या घरातील बॅटरी त्याच घराण्यातली आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी जुनी वस्तू, तर मग त्यात सुधारणा ती काय झाली? सुधारणा झाली ती सगळी या दोन ठिकाणी, प्लेटीत आणि पडद्यात. ते मी सांगते.

प्लेटीचे दुखणे असे की भरताना-रिकामी होताना तिच्यावरचे द्रव्य फुगते आणि आकसते. रोज फुगले-आकसले की शेवटी ते सुटे होऊन खाली गळते. भिंतीच्या पोपड्यासारखेच समजा. आमच्या बॅटरीच्या तळाशी चॉकलेटी गाळ साचलेला मी डोळ्यांनी पाहिला. प्लान्तेच्या काळी नुसता पत्रा असे. १८८१ साली फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या भस्माचा लगदा करून तो पत्र्यावर थापला, त्याने बॅटरीत वीज जास्त मावू लागली. पुढे पत्र्याऐवजी शिशाची जाळी आली, म्हणजे लगदा तिच्या घरांत घट्ट बसावा. शिसे मऊ, म्हणून जाळी कडक व्हावी यासाठी त्यात अँटिमनी नावाचा धातू मिसळू लागले. जाळी कडक झाली खरी, पण अँटिमनीमुळे पाणी लवकर उडू लागले. मग अँटिमनी कमी केले, कोठे त्याच्याऐवजी कॅल्शियम घातले. ज्या बॅटरीत पाणी घालावे लागत नाही असे म्हणतात तिच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

आपल्या मंडळात होती ती ट्यूब्युलर जातीची. तिची धन प्लेट सपाट नसते. पेन्सिलीएवढ्या जाड कापडी नळ्या ओळीने शिवल्यासारख्या असतात, प्रत्येक नळीत शिशाची एक काडी, आणि काडीभोवती ते चॉकलेटी द्रव्य ठासून भरलेले. मी ते पाहिले आणि मला आपल्या परकराच्या नेफ्याची आठवण झाली, ज्यात आपण नाडी ओवतो. नळीमुळे द्रव्य गळून पडत नाही, म्हणून ही बॅटरी रोजच्या वापराला टिकते. ज्याने ही युक्ती काढली त्याला शिवणकाम कळत असले पाहिजे, असे मी त्या मुलाला म्हणाले तेव्हा तो हसला.

आता पडदा. मला विचाराल तर बॅटरीतला सगळ्यात कष्टाळू जीव हा पडदा. त्याचे काम उलटसुलट आहे. दोन प्लेटी एकमेकींना शिवता कामा नयेत, कारण शिवल्या की आतल्या आत वीज वाहून बॅटरी रिकामी होते आणि तापते. म्हणून त्याने आडवे उभे राहायचे. परंतु तेजाब मात्र त्यातून इकडचे तिकडे गेले पाहिजे. म्हणजे अडवायचेही आणि जाऊही द्यायचे. श्रीखंडासाठी चक्का टांगतो ते फडके आठवा. दही अडते, पाणी गळते. फडके फार जाड असले तर पाणी गळत नाही, फार विरळ असले तर चक्काच खाली येतो. पडद्याचे सगळे शास्त्र या एका फडक्यात आले.

बॅटरीचा जन्मच मुळी पडद्यासह झाला. १८०० साली व्होल्टा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने दोन निराळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि मध्ये खारट पाण्यात भिजविलेले कापडाचे व पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. तो भिजका तुकडा म्हणजे पहिला पडदा. पुढे शिशाच्या बॅटरीत लाकडाचे पातळ पापुद्रे घालीत. लाकूड तेजाबात कुजे, म्हणून मग बारीक छिद्रांचे रबर आले, मग प्लॅस्टिक आले, मग काचेच्या तंतूंची गादी आली. सीलबंद बॅटरीत तेजाब त्या काचेच्या गादीतच शोषलेले असते, म्हणून ती आडवी झाली तरी सांडत नाही. हल्ली पुष्कळ बॅटऱ्यांत पडद्याची पिशवीच करून प्लेट तिच्यात घालतात, उशीला अभ्रा घालतो तशी, म्हणजे गाळ बाजूने शिरून प्लेटी जुळत नाहीत.

हे झाले शिशाचे. परंतु आपणा सगळ्यांच्या कमरेला, पर्समध्ये आणि उशाशी जी बॅटरी असते ती शिशाची नव्हे. मोबाईलची बॅटरी लिथियमची. माझी लेक पुण्याला रसायनशास्त्र शिकते, तिला मी फोनवर विचारीत गेले आणि तिने सांगितलेले वहीत उतरवून घेतले. ती म्हणाली, "आई, लिथियम हा सगळ्यात हलका धातू. त्याचे कण एका प्लेटीतून निघून दुसऱ्या प्लेटीत जाऊन बसतात. भरताना तिकडे जातात, वापरताना इकडे येतात. बस, एवढंच." एका बाजूला ग्रॅफाइट असते, म्हणजे शिसपेन्सिलीतले काळे द्रव्य. त्याला चिरोट्यासारखे पदर असतात आणि लिथियमचे कण त्या पदरांत शिरतात. दुसऱ्या बाजूला कोबाल्ट किंवा तसल्या धातूंचे भस्म असते. हे शोधण्यात स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांनी आयुष्य घातले, आणि त्या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. आपण पन्नाशीच्या आतच म्हणतो, "आता आमचं काय राहिलं!" म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सुरुवातीला व्हिटिंगहॅम यांनी एका बाजूला लिथियम धातूच वापरला होता. त्यावर भरताना सुईसारखे काटे उगवत आणि ते पडदा भेदून पलीकडे जात. पडदा फाटला की आग. योशिनो यांनी १९८५ च्या सुमारास धातू काढून टाकला आणि कार्बनच्या द्रव्यात लिथियमचे कण बसविले, तेव्हा ती बॅटरी घरात ठेवण्याजोगी झाली. १९९१ साली ती बाजारात आली. तिच्यातला पडदा आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. त्यात एक मोठी खुबी केलेली असते. बॅटरी फार तापली, म्हणजे एकशे तीस अंशांच्या आसपास गेली, की पडद्यातले प्लॅस्टिक वितळून त्याची छिद्रे बुजतात आणि कणांची ये-जा थांबते. स्वतः वितळून घर वाचवायचे. आता त्यावर मातीच्या भांड्याच्या जातीचा बारीक थर देतात, म्हणजे उष्णतेने तो आकसू नये. तरीही सांभाळावे लागतेच. २०१६ साली एका नामांकित कंपनीचे लाखो मोबाईल परत घ्यावे लागले, कारण काही बॅटऱ्यांत कोपरा दबून, तर काहींत जोडकामाच्या टोकदार कंगोऱ्यांनी पडद्याचे काम बिघडले आणि त्या पेटल्या. म्हणून फुगलेल्या बॅटरीचा मोबाईल मुलांच्या हाती देऊ नका, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल उशीखाली ठेवू नका.

लिथियममध्येही एक निराळी जात आहे. तिच्यात कोबाल्टच्या जागी लोखंड आणि फॉस्फेट असते. १९९७ साली गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ती पुढे आली, आणि त्या कामात अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचे नाव आदराने घेतात. लोखंड स्वस्त, विषारी नाही, आणि ही बॅटरी सहसा पेट घेत नाही. हल्ली इन्व्हर्टरसाठी जी लिथियम बॅटरी विकतात ती बहुधा याच जातीची असते.

आणि आता आपल्या महाराष्ट्राचे सांगते. लिथियम आपल्याला बाहेरदेशाहून आणावे लागते. म्हणून शास्त्रज्ञांनी सोडियमकडे मोर्चा वळविला. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला. समुद्र आहे तोवर त्याला तोटा नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेत प्राध्यापक सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले, आणि पुण्याच्याच केपीआयटी कंपनीने २०२३ च्या डिसेंबरात सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. पुण्यातच सी-मेट आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथेही अशा द्रव्यांवर काम चालते. सोडियमचा कण लिथियमपेक्षा मोठा. तो ग्रॅफाइटच्या पदरांत नीट मावत नाही. म्हणून त्याच्यासाठी निराळा, आडव्यातिडव्या पोकळ्यांचा कार्बन लागतो, आणि तो नारळाच्या करवंटीपासूनसुद्धा करता येतो. प्रयोगशाळांत तो कापसापासूनही केलेला आहे. हे लेकीने सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या रानातल्या पऱ्हाट्या आल्या. कापूस वेचून झाला की आपण त्या चुलीत घालतो नाहीतर बांधावर पेटवितो. उद्या त्यांचेही काही होऊ शकेल, अशी आशा करायला काय हरकत आहे? सोडियमची बॅटरी तेवढ्याच विजेला जरा जड होते. पण घरात एका कोपऱ्यात ठेवायच्या पेटीला वजनाचे काय? आपल्या बालाघाटाच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात, घरांवर सूर्यपत्रे बसत आहेत. वारा आपल्या वेळेने वाहतो आणि सूर्य सांजेला जातो. त्यांची वीज रात्रीसाठी साठवायची तर स्वस्त आणि टिकाऊ बॅटऱ्या हव्यात. म्हणून हा विषय मोठ्या लोकांचाच नसून आपलाही आहे.

आता मी आपल्या बॅटरीवर येते.

त्या मुलाने प्लेटी बाहेर काढल्या तेव्हा त्यांचा वरचा चार बोटे भाग पांढरा आणि दगडासारखा टणक झाला होता. खालचा भाग निराळा होता. तो म्हणाला, "पाणी खाली गेलं होतं काकू, प्लेटी उघड्या पडल्या." पांढरा पदार्थ वेळेवर विरघळला नाही की तो असा कडक होतो आणि मग भरून भरत नाही. नळ्यांतल्या शिशाच्या काड्याही खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या, एक तर हाताने तुटली. मग त्याने मला विचारले, "पाणी कोणतं टाकत होता?"

मी म्हणाले, "बाटलीतलंच."

भगिनींनो, ते खोटे होते. पहिले वर्षभर मी दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा डबा आणीत असे. मग उन्हाळा आला. टँकरच्या पाण्यासाठी आपण रांगा लावीत होतो. त्या दिवसांत एका पेटीत घालायला पाणी विकत आणायचे हे मला उधळपट्टीसारखे वाटले. वाटले, मंडळाचे शंभर-सव्वाशे रुपये वाचतील. मी बोअरचे पाणी फडक्यातून गाळून घातले. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मधले तीन महिने तर झाकणसुद्धा उघडून पाहिले नाही.

आपल्या बोअरच्या पाण्याने डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरे कीट बसते, हे मला ठाऊक होते. त्या पाण्यात क्षार असतात, लोहही असू शकते. लोहाने बॅटरी बसल्याबसल्या उतरते, आणि क्षारांतला क्लोराइडचा अंश धन प्लेटीचे शिसे खातो. तेजाब कधी उडून जात नाही, पाणीच तेवढे उडते. म्हणून आपण ओतलेले क्षार आतच राहतात आणि दर वेळी वाढत जातात. फडक्याने गाळून क्षार जात नाहीत. घरच्या आरओ यंत्राच्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच. पाण्याची वाफ करून ती थंड केली म्हणजे जे मिळते तेच खरे.

पण मी तेव्हा गप्प बसले. त्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. हमी तीन वर्षांची होती, पण तो म्हणाला, कंपनी हे मान्य करणार नाही. मग मंडळाच्या बैठकीत कोणी म्हणाले, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. कोणी म्हणाले, आजकालची पोरे अशीच. मी खजिनदार म्हणून त्या बैठकीत बसले होते. एक शब्द बोलले असते तर पुरे होते. बोलले नाही. त्यानंतर आपल्यापैकी बऱ्याच घरांनी त्याच्याकडे जाणे सोडले. दिवाळीत त्याच्या दुकानासमोरून जाताना मी रस्त्याची बाजू बदलीत असे.

तर कबुली ती ही. बॅटरीत खोट नव्हती आणि त्या मुलाचा काडीचा दोष नव्हता. दोष माझा होता, आणि पाण्यापेक्षा गप्प बसण्याचा दोष मोठा. गेल्या महिन्यात मी त्याच्या दुकानात गेले आणि त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "काकू, मला त्या दिवशीच कळलं होतं. तेजाब तपासलं तेव्हाच." मी म्हटले, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही माझ्या आईच्या जागी. चार बायांत तुमचं काय राहिलं असतं?" मला घरी येऊन जेवण गेले नाही. त्याने माझी लाज राखली, आणि मी त्याचे नाव जाऊ दिले.

नव्या बॅटरीची निम्मी किंमत मी माझ्या भिशीच्या पैशांतून तीन हप्त्यांत भरणार आहे. आमच्या घरी हे सांगितले आहे आणि त्यांची हरकत नाही. परंतु पैशाने अर्धेच भागते. उरलेले अर्धे तुमच्या हाती आहे. ज्यांनी त्या दुकानाचा रस्ता सोडला त्यांनी तो पुन्हा धरावा, एवढी माझी विनंती आहे.

आता नवी बॅटरी कोणती घ्यावी, हा प्रश्न समितीपुढे आहे. माझे मत सांगते, निर्णय सगळ्यांचा. लोखंड-फॉस्फेटची लिथियम बॅटरी अधिक वर्षे टिकते, तिला पाणी लागत नाही. पण तिची किंमत जास्त, आणि आपला जुना इन्व्हर्टर तिला योग्य रीतीने भरू शकेलच असे नाही. कदाचित तोही बदलावा लागेल. तेव्हा या खेपेस पुन्हा ट्यूब्युलरच घ्यावी आणि ती नीट सांभाळावी. पुढच्या खेपेपर्यंत सोडियमचीही चौकशी करू.

सांभाळण्याचे नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून खोलीत लावले आहेत. शिवणवर्गाच्या मुलींनी ते पाठ करावे. पाणी दर महिन्याला पाहायचे, खुणेच्या खाली जाऊ द्यायचे नाही आणि वरही भरायचे नाही. डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, आणि ते बॅटरी पूर्ण भरल्यावर. तेजाब आपण कधीही घालायचे नाही. बॅटरी पार उतरली असेल तर तशीच ठेवायची नाही, लगेच भरायला लावायची. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ दिवा, उदबत्ती, काडी नको आणि खिडकी उघडी हवी. काही घरांत बॅटरी देवघराखाली ठेवलेली मी पाहिली आहे. ती आजच हलवा. टोकांवर पांढरे-निळे कीट आले तर बटण बंद करून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून फडक्याने पुसा आणि वर व्हॅसलीन लावा. शेजारी एक वही टांगली आहे. ज्या दिवशी पाणी घातले ती तारीख, कोणते पाणी, आणि घालणारीची सही. पहिले पान मीच लिहिले आहे.

शेवटची गोष्ट लेकरांसाठी. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. काही ठिकाणी ती उघड्यावर फोडतात, शिसे चुलीवर वितळवितात. त्याची धूळ अंगणात पडते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. शिशाने लहान मुलांची बुद्धी खुंटते, पोटात दुखते, रक्त कमी होते. मुलांच्या रक्तात एवढे शिसे चालेल असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरकारने २०२२ साली नियम केले असून जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनविणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात परत करा. तिचे पैसेही वळते होतात, आणि तेच शिसे योग्य कारखान्यात शुद्ध होऊन पुन्हा नव्या बॅटरीत येते. मी ज्या हट्टाने ती उघडून पाहिली तो हट्ट तुम्ही करू नका. मी पाहिले ते तुम्हाला सांगितले, तेवढ्यावर भागवा.

मी शाळा सोडली तेव्हा वाटले होते, शिकणे संपले. मागच्या वर्षी एका मेलेल्या बॅटरीने मला पुन्हा वही हातात धरायला लावली. समोर बसलेल्या मुलींना मी एवढेच सांगते, की घरातली एकेक वस्तू उघडून विचारा, तिच्या पोटात काय आहे. आणि चूक झाली तर त्याच बैठकीत बोला. वर्ष जाऊ देऊ नका, ती कडक होत जाते.